पिणाऱ्याची वही
१९३४च्या डिसेंबरात वॉल स्ट्रीटवरच्या बिल विल्सननं शेवटचा प्याला घेतला. पुढच्या वर्षी ॲक्रन गावात त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना सुरू झाली. संघटनेच्या १९३९च्या पुस्तकातल्या बारा पायऱ्यांपैकी चौथी अंगावर येते: स्वतःची निर्भय झडती, तीही लेखी. मालाची मोजदाद न करणारा धंदा बुडतो, असा दाखला पुस्तकच देतं. (शेअरबाजारातला माणूस अध्यात्मातही खतावणी काढणारच!) राग कुणावर, कशामुळे, आपलं काय दुखावलं, हे रकान्यांत मांडायचं; मग समोरच्याचा दोष बाजूला ठेवून फक्त आपली चूक लिहायची. पाचव्या पायरीवर ते सगळं देवापुढे आणि एका माणसापुढे कबूल करायचं. पण दारू सुटते तेव्हा आपल्यातला मैफल रंगवणारा जुना गडीही जातो, आणि त्याचं सुतक कुणी पाळत नाही. दोषांच्याच रकान्यांत त्याचं लाघव मावत नाही, ही या पद्धतीतली उणीवच. दहावी पायरी झडती रोजची करते. वही कधी बंद होत नाही, तशी ओळखही: मुंबई-पुण्यातल्या बैठकांतही वीस वर्षं थेंब न घेतलेला माणूस आपली ओळख ‘मी मद्यपी’ अशीच करून देतो.