भाता नवा, सूर जुने

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो, वडिलांच्या बाजाच्या पेटीवरून. भाता फाटलेला, दोनचार सूर मुके. पण दरवर्षी मी ती पुसूनपासून पुन्हा कपाटावर ठेवतो. कन्या म्हणते, "बाबा, दुरुस्त करून घ्या ना!" मी म्हणतो, "भाता बदलला, तर ती आजोबांची पेटी उरेल का?"

यंदा तिने मला 'फेअरी क्वीन'ची गोष्ट ऐकवली.

हे वाफेचे इंजिन १८५५ साली इंग्लंडात लीड्स येथे घडले आणि त्याच साली कलकत्त्यास आले. ईस्ट इंडियन रेल्वेत हावडा-राणीगंज मार्गावर त्याने टपालगाड्या ओढल्या, १८५७ साली पलटणीही वाहिल्या. १९०९ साली ते निवृत्त झाले. पुढे हावड्यास, १९४३ पासून चंदौसीच्या रेल्वे-प्रशिक्षणशाळेत आणि नंतर दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते नुसते उभे होते. मान पुष्कळ, पण पोटात विस्तव नाही!

असले इंजिन पुन्हा चालवायचे म्हणजे रंगरंगोटी नव्हे. वाफेचा सारा दाब बॉयलरने सोसायचा. पत्रा आतून गंजला असेल, तर जिवावरच बेतायचे. म्हणून आधी थंड पाणी दाबाने भरून गळती पाहतात. गळक्या नळ्या, पिस्टनच्या झिजलेल्या कड्या बदलतात. इंजिने रोज धावत, तेव्हाही हे भाग बदलावेच लागत. झिजणे हा चालणाऱ्याचा धर्मच आहे.

१९९७ साली, म्हणजे ८८ वर्षांनी, 'फेअरी क्वीन' प्रवासी घेऊन दिल्लीहून अलवरकडे धावली. पुढच्याच वर्षी नियमित धावणारे जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. २०११ साली तिचे भाग चोरीस गेले. ते चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात नव्याने घडवले आणि ती पुन्हा रुळांवर आली.

"मग ती खरी कोणती? लीड्सची की पेरांबूरची?" मी मास्तरकीने विचारले.

"तुम्हीच सांगा. एकनाथांनी शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी कोणाची?"

मी निरुत्तर झालो. नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढले, पण ग्रंथ ज्ञानदेवांचाच राहिला, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. दुरुस्ती आणि ढवळाढवळ यांतला हा फरक घरी लागू करायचा तेवढा राहिला होता.

दुसऱ्याच दिवशी पेटी कारागिराकडे नेली. "सूर जुनेच ठेवा, भाता तेवढा नवा," मी बजावले. त्याने पेटी उघडली, आत बोट फिरवले आणि म्हणाला, "साहेब, हा भातासुद्धा मूळचा नाही. पूर्वी कोणीतरी बदलून घेतलेला आहे."

कोणीतरी म्हणजे कोण? आमच्या घरात पेटी वाजवणारे वडील एकटेच होते!

पाडव्याला कन्या वाजवणार आहे. वरच्या सप्तकातला गंधार अजून किंचित कुरकुरतो. तो मात्र मी तसाच ठेवायला सांगितला आहे.