मुहूर्त टळतो, पंगत खोळंबते

वैशाख लागला की निलंग्याच्या रस्त्यांवर वऱ्हाडांची दाटी होते. रानात काम उरलेले नसते, शाळांना सुटी असते, तुरीचा-हरभऱ्याचा पैसा हाती आलेला असतो. तेव्हा या भागातील लग्नसराई ऐन उन्हाळ्यात यावी हे स्वाभाविकच. आमचा आक्षेप महिन्याला नाही, घटकेला आहे.

लग्नपत्रिकेवर वेळ छापलेली असते दुपारी 12 वाजून 35 मिनिटे. पस्तिसाव्या मिनिटाचा हा काटेकोरपणा पाहून एखाद्या परक्या माणसास वाटावे, या लोकांच्या काटेकोरपणास तोड नाही! प्रत्यक्षात त्या वेळी परण्या अजून मारुतीच्या देवळापाशीच नाचत असतो. तो मांडवात येतो दीड वाजता. मग फेटे, मग सत्कार, मग ध्वनिक्षेपकावरून मान्यवरांच्या नावांचा पुकारा, आणि त्यांपैकी एकदोघांचे आशीर्वादपर भाषण. अंतरपाट धरला जातो तेव्हा तीन वाजलेले असतात.

पंचांगाच्या दृष्टीने हा प्रकार तपासून पाहण्याजोगा आहे. 1906 पासून आपण जी प्रमाणवेळ पाळतो ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. निलंगा पावणेसत्त्याहत्तर अंशांच्या आसपास. म्हणजे येथील सूर्य घड्याळापेक्षा सुमारे 23 मिनिटे मागे, जवळजवळ एक घटका. मे महिन्याच्या मध्यास येथे खरा मध्यान्ह होतो 12 वाजून 19 मिनिटांच्या सुमारास, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून पन्नासेक मिनिटांचा अभिजित मुहूर्त. पाऊण वाजता तो संपला! तीन वाजता ज्या अक्षता पडतात त्यांचा त्या मुहूर्ताशी काडीचाही संबंध राहत नाही. मुहूर्तावर श्रद्धा असेल तर तो पाळावा. नसेल तर माणसांना सोसवेल अशी वेळ खुशाल निवडावी. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 सालीच पुरोहितावाचून लग्न लावून दाखविले. आपण मात्र मुहूर्त छापतो आणि मोडतो, आणि त्या मोडण्याची किंमत पाहुण्यांकडून वसूल करतो.

ही किंमत लहान नाही. कन्यादान करणारे आईबाप विधी होईतो उपाशी असतात. पत्र्याच्या नाहीतर कापडी मांडवाखाली चाळिशी ओलांडलेल्या उन्हात म्हातारी माणसे, अंगावर पिणारी लेकरे आणि लेकुरवाळ्या बाया अडीच-तीन तास ताटकळतात. अक्षता पडल्यावाचून पंगत बसवावयाची नाही हा वधूपित्याचा संकोच आम्ही समजू शकतो, पण भुकेल्या लेकराला तो कसा समजावा? 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील शासकीय सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा सरकारनेही भर दुपारच्या उघड्यावरील कार्यक्रमांना आवर घालण्याचे ठरविले होते. लग्नमांडवात अशी शहाणीव आणण्यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहावयाची काय?

उपाय दूरचा नाही. गोरज मुहूर्त आपल्या परंपरेतलाच आहे. मे महिन्यात निलंग्यास सूर्य मावळतो 6 वाजून 50 मिनिटांच्या सुमारास. त्या वेळी लग्न लावावे, सातला पंगत बसवावी, नवरानवरीस भेटण्याचा समारंभ पंगतीबरोबरच चालू ठेवावा. नऊ-साडेनऊला मांडव मोकळा होतो, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियमही आपोआप पाळला जातो.

यावर कोणी म्हणेल, रात्री गावाकडे परतावयाचे कसे? ही अडचण खरी आहे. वाडीवस्तीवरच्या माणसास रात्री एस.टी. मिळेलच असे नाही, आणि मोटारसायकलीवर बायकापोरांना घेऊन अंधारात निघणे म्हणजे जिवाशी खेळ. दुपारच्या लग्नांची चाल वीज नि वाहने नसल्याच्या काळात पडली ती याच कारणाने. म्हणून ज्यांचे पाहुणे दूरचे व एस.टी.वर विसंबलेले, त्यांनी सकाळी दहाच्या आत लग्न लावावे आणि पहिली पंगत अकराला उठवावी. निलंगा शहरातल्या शहरात ज्यांचे गणगोत आहे, त्यांना गोरज उत्तम.

वेळ आखता येत नाही ही सबबही आता चालावयाची नाही. एप्रिल 2021 मध्ये महामारीच्या निर्बंधांत 25 माणसे आणि दोन तास एवढ्या मर्यादेत लग्ने लावावी लागली, आणि ती लागली. माणसांची मर्यादा गेली हे चांगलेच झाले. तासांचे बंधन मात्र आपले आपण ठेवावयास हरकत नव्हती.

प्रश्न उरतो तो परण्याचा. नवरदेवाची मिरवणूक थांबविण्याचे धाडस वधूपित्यास होत नाही आणि होणारही नाही. ते वरपित्यानेच केले पाहिजे. सुपारी फुटते त्याच बैठकीत देण्याघेण्याच्या याद्यांबरोबर परण्या किती वाजता निघेल व किती वाजता मांडवात येईल हे लिहून घ्यावे, सत्कार करावयाचेच असतील तर ते पंगतीनंतर ठेवावेत, आणि पत्रिकेवर लग्नाच्या वेळेखाली जेवणाची वेळही छापावी.