वशिला नको, ओळख हवी

शिकवणं सोडून दुसरं काही करायचं ठरवलं की शिक्षक माणसाला सगळ्यात जड काय जातं? नवीन काम शिकणं? छे. शिकण्या-शिकवण्यातच तर आयुष्य गेलेलं असतं. जड जातं ते फोन उचलून कुणाला तरी "मला तुमच्याशी थोडं बोलायचंय" असं म्हणणं.

याचं एक कारण मला आपल्या भाषेतच दिसतं. या गोष्टीला आपल्याकडे धड शब्दच नाही. जे आहेत ते सगळे वाईट वासाचे... ओळखी काढणं, वशिला लावणं, कुणाला तरी धरून चिकटणं. स्टाफरूममध्ये "तो काय, संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा आहे" हे कुजबुजत्या आवाजात ऐकत नोकरी केलेल्या माणसाला हे शब्द शिवीसारखे लागतात. लागायलाच हवेत! पण त्या रागापायी आपण वशिला आणि ओळख यांची एकच मोट बांधून टाकतो, तिथं माझा आक्षेप आहे.

माझी एक मैत्रीण एकोणीस वर्षं विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत होती. मराठी माध्यमाच्या तुकड्या एकेक करून बंद होत चाललेल्या, पगार दोन-दोन महिने उशिरा, घरी मुलगी बारावीला. वर्षभर ती जाहिराती बघून अर्ज करत राहिली. एकाचंही उत्तर नाही. का? कारण तिच्या अर्जात "१९ वर्षे अध्यापन" एवढंच होतं, आणि ते वाचणाऱ्याला त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. आणि तिच्या जवळची माणसं कोण? सगळी शिक्षकच. जी जागा हिला माहीत नाही, ती त्यांनाही माहीत नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं नेमकं हेच १९७३ साली एका गाजलेल्या निबंधात मांडलं होतं. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. कधीमधी भेटणारे ५५ टक्क्यांहून जास्त, आणि क्वचितच भेटणारे २८ टक्के. म्हणजे जिवाभावाचे मित्र नव्हेत, तर तोंडओळखीचे लोक कामी आले. पुढे २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही कल तोच दिसला. फक्त अगदी परक्या ओळखीपेक्षा थोडी मुरलेली ओळख जास्त उपयोगी ठरली.

आता सांगा, थोडी मुरलेली पण रोजची नसलेली ओळख शिक्षकाइतकी कुणाकडे असते? साधा हिशोब करा. दहावीच्या तीन तुकड्या, प्रत्येकीत पन्नास मुलं, अशी पंधरा वर्षं. सव्वादोन हजार माणसं! आणि मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी की ही माणसं नात्यागोत्यातून आलेली नाहीत. आपल्याकडे ओळखी म्हटलं की बहुतेकदा आपली भावकी, आपली जात, आपली आळी. ज्याच्या घरात आधी कुणी शिकलेलं नाही, त्यानं कुणाच्या ओळखी काढायच्या? वर्गात मात्र रिक्षावाल्याची मुलगी आणि डॉक्टरचा मुलगा एकाच बाकावर बसलेले असतात. ही ओळख वारशानं मिळालेली नाही, फळ्यासमोर उभं राहून कमावलेली आहे.

"पण ज्याला वर्गाबाहेर उभं केलं, त्याच्यासमोर जाऊन बसू?" असं मैत्रीण म्हणालीच. मला तरी यात कमीपणा दिसत नाही. "तुझ्या कामाबद्दल मला समजावून सांग" असं बाईंनी म्हणावं, यासारखा मान त्या पोराला दुसरा कुठला?

फक्त मागायचं काय, ते पक्कं हवं. नोकरी मागायची नाही, माहिती मागायची. वीस मिनिटं. तुझा दिवस कसा जातो? मी शाळेत जे करत आले त्यातलं काय तुमच्याकडे चालेल? अजून कुणाशी बोलू? बस्स. नंतर दोन ओळींचे आभार आणि पुढे काय झालं ते कळवणं. मेळाव्यांत हसत कार्डं वाटत फिरायची काही गरज नाही. एका वेळी एका माणसाशी बोलणं शिक्षकाला छान जमतं, पालकसभेत आपण दुसरं काय करतो?

एक पथ्य मात्र पाळायचं. आज आपल्या वर्गात असलेल्या मुलांच्या पालकांना काही विचारायचं नाही. त्यांना 'नाही' म्हणता येत नाही, आणि जिथे समोरच्याला नाही म्हणता येत नाही तिथे वशिला सुरू होतो. माझी कसोटी सोपी आहे : फोनवर जे बोललो ते भर स्टाफरूममध्ये मोठ्यानं सांगता येईल का? येत असेल तर ती ओळख. नसेल तर फोन ठेवा.

मैत्रिणीनं अकरा जणांना फोन केले. चौघांनी उत्तरच दिलं नाही. एकानं सांगितलं, "बाई, तुम्ही जे करता त्याला आमच्याकडे प्रशिक्षण म्हणतात, अर्जात तसं लिहा." हे वाक्य तिला कुठल्याच जाहिरातीत सापडलं नसतं. दोन ओळखी पुढे जाऊन, रीतसर परीक्षा आणि मुलाखत देऊन ती आज एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात आहे. सुरुवातीचा पगार फार नाही, पण महिन्याच्या महिन्याला होतो.

असो. आमच्या गोतावळ्यात शिक्षक बरेच आहेत, म्हणून घरच्यांना एक सांगणं. त्यांच्यापैकी कुणाचा असा फोन आला तर "आता या वयात कशाला?" असं विचारू नका. वीस मिनिटं द्या, आणि जमलं तर पुढचं एक नाव.