डोळे आले? थेंब घालण्यापूर्वी थांबा!

मैत्रिणींनो, २०२३ च्या जुलै-ऑगस्टात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, ते आठवतं ना? आमच्या शाळेतले निम्मे बाक रिकामे होते. घरी धाकट्याचेही डोळे लाल झाले. मी लगेच कपाटातली जुनी थेंबांची बाटली काढली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, आधी डॉक्टरांना तरी विचार!” विचारलं म्हणून बरं. त्या औषधात स्टिरॉइड होतं. सल्ल्याशिवाय ते घातलं, तर काही संसर्गांत बुबुळाला जखम होऊन दृष्टी अधू होऊ शकते.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतून एक पातळ आवरण असतं. ते सुजलं की डोळे आले म्हणायचे. कारणं मुख्यतः तीन. विषाणूंमुळे आले, तर डोळ्यांतून पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, बहुधा एकातून दुसऱ्या डोळ्यात जातं. सोबत सर्दीही असू शकते. जिवाणूंमुळे पिवळट पू येतो, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात. धूळ, परागकण यांच्या अ‍ॅलर्जीने दोन्ही डोळ्यांना सारखी खाज सुटते. हा प्रकार मात्र संसर्गजन्य नाही.

नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत हो! साथ पसरते ती हात, टॉवेल, उशीचा अभ्रा आणि एकीची काजळडबी दुसरीने वापरण्यामुळे. म्हणून साबणाने वरचेवर हात धुवावेत, रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवावा, वापरातलं काजळ टाकून द्यावं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडं पुसावीत. दर डोळ्याला बोळा वेगळा. दूध, मध, गुलाबपाणी डोळ्यात घालू नये. विषाणूंचा त्रास बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो.

पण प्रत्येक लाल डोळा म्हणजे ‘आलेला’ डोळा नव्हे. डोळा ठणकतोय, अंधुक दिसतंय, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारीचा डोळा लाल झालाय, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. तान्ह्या बाळाच्या बाबतीतही थांबू नये.

आपण मुलांना लगेच दाखवतो. स्वतःचं दुखणं मात्र “सणवार झाले की बघू” म्हणून लांबवतो. डोळ्यांच्या बाबतीत तरी तसं करू नका. आणि हो, आजच कपाट उघडा, उरलेल्या थेंबांच्या जुन्या बाटल्या फेकून द्या. मी दिल्या!