टॉवर वरळीत, चाळही वरळीतच

दूरचित्रवाणीतल्या पहिल्या स्त्रियांचा विषय निघाला की नावं ठरलेली. दिल्लीत १९६५ साली पाच मिनिटांच्या बातम्या वाचणाऱ्या प्रतिमा पुरी. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर बातम्या वाचणाऱ्या भक्ती बर्वे, स्मिता पाटील. 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'मधून १९९३ पर्यंत मुलाखती घेणाऱ्या तबस्सुम. त्यांचं कर्तृत्व कुणी नाकारत नाही. बाईनं कॅमेऱ्यासमोर बसून प्रश्न विचारायचे, हे तेव्हा सोपं नव्हतंच.

आपला प्रश्न पुढचा आहे. दूरदर्शन केंद्र वरळीत उभं राहिलं आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बीडीडी चाळी. १९७२ हेच दलित पँथरचंही साल. जानेवारी १९७४ मध्ये त्या चाळींत दंगल पेटली, पाठोपाठच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. त्या दिवसांत चाळीतली घरं सांभाळली बायकांनी. त्यांच्यातली एखादी शेजारच्या स्टुडिओत निवेदिका म्हणून बसू शकली असती?

जातीचा दाखला तिथं कुणी मागितला नसता. त्याची गरजच नव्हती. 'शुद्ध' उच्चार मागितले की काम भागतं. 'ण'चा 'न' झाला की माणूस कुठल्या वस्तीतला ते कळतं, आणि नाकारणाऱ्याला आपण जात पाहिली असं वाटतही नाही. हे जुनं झालं म्हणाल, तर २०१९ चा ऑक्सफॅम-न्यूजलाँड्रीचा अहवाल पाहा : माध्यमांतल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ सवर्णांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही.

मग नुसतं रडायचं का? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून रडत बसल्या नाहीत. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायकांना त्या घरोघरी जाऊन भेटल्या, त्यांना बोलतं केलं आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं राहिलं. बुंदेलखंडातल्या दलित बायकांनी २००२ मध्ये 'खबर लहरिया' काढलं. आज त्या मोबाईलवर चित्रण करून बातम्या देतात. परवानगी कुणाकडे मागितली त्यांनी?

गोडदेवच्या मुलामुलींना म्हणून सांगणं आहे. मुंबईच्या चाळींतून भाईंदरला राहायला आलेल्या साठी-सत्तरीच्या बायका आपल्या आसपास असतील. मोबाईल आहेच. आधी त्यांची संमती घ्या. १९७४ चं विचारा. पहिला टीव्ही कुणाच्या घरी पाहिला, आत बसू दिलं की दारातून पाहावा लागला, तेही विचारा. आणि चित्रफीत चढवताना त्यांची भाषा दुरुस्त करू नका. 'न' असेल तर 'न'च राहू द्या.