भाषा एकट्या आईच्या हाती नसते

मातृभाषा टिकवणं आईच्या हाती असतं, असं आपण इतक्यांदा ऐकतो की ते खरंच वाटायला लागतं. मला मात्र ते पटत नाही. दाखला देते अमेरिकेतल्या फ्रेंच गिरणी कामगारांचा.

१८४० ते १९३० या काळात कॅनडातून, मुख्यतः क्वेबेकमधून, सुमारे ९ लाख फ्रेंच भाषक अमेरिकेत आले. शेतीवर भागेना, म्हणून बहुतेकांनी न्यू इंग्लंडमधल्या कापडगिरण्या गाठल्या. लोवेल, लुइस्टन, मँचेस्टर ही त्यांची गावं. मँचेस्टरच्या अमोस्केग गिरणीत एके काळी सुमारे १७,००० कामगार होते. गिरणीजवळच्या दाटीच्या वस्तीला 'पेती कॅनडा', म्हणजे छोटा कॅनडा म्हणत.

तिथे वाढणाऱ्या पोराला फ्रेंच मुद्दाम शिकवावं लागत नसे. शेजारी फ्रेंच, वाणी फ्रेंच, डॉक्टर फ्रेंच, चर्चमधलं प्रवचनही फ्रेंच. जोगिणींच्या शाळेत अर्धा दिवस फ्रेंच, अर्धा दिवस इंग्रजी. लुइस्टनचं 'ल मेसाजे' हे वर्तमानपत्र १८८० पासून १९६० च्या दशकापर्यंत चाललं. मँचेस्टरच्या चर्चमधल्या मंडळींनी १९०८ साली पतपेढी काढली, ती अमेरिकेतली पहिली! लेखक जॅक केरुॲक लोवेलच्या अशाच घरातला. इंग्रजी तो शाळेच्या वयात शिकला. सगळं गोड नव्हतं; गरिबी होती आणि लहान पोरंही गिरणीत राबत.

मग काय झालं? मेन राज्यात १९१९ साली सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवण्याचा कायदा आला. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना हसत, शिक्षाही करत. अमोस्केग १९३५ साली बंद पडली, पुढे इतर गिरण्याही गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी उपनगरांत पांगली. आया त्याच होत्या, पण वस्ती उरली नाही. आपल्यासारखे हाल पोरांचे नकोत म्हणून कित्येक आईबाप घरातही इंग्रजी बोलू लागले. त्यांना दोष कसा द्यायचा?

हे सगळं लिहायला कारण आहे. माझी मुलगी मँचेस्टरहून अर्ध्या तासावर राहते. नातीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. "तू घरात बोलत नाहीस म्हणून," असं आपल्यातलेच काही जण मुलीला ऐकवतात. अहो, ती घरात मराठीच बोलते! पण दाराबाहेर पडलं की वाणी, बाई, मैत्रिणी, सगळं इंग्रजी. महाराष्ट्र मंडळाचा गणपती वर्षातून एकदा येतो. जे अख्ख्या वस्तीला, चर्चला आणि शाळांना जेमतेम दोन-तीन पिढ्या जमलं, ते नोकरी सांभाळून एका बाईने एकटीने करावं म्हणता?

तेव्हा नातेवाईकांनो, एक विनंती. मुलीला बोल लावण्याऐवजी आठवड्यातून एकदा नातीला फोन करा. मराठीत बोला, गोष्ट सांगा. ती "मी आला" म्हणाली तर मात्र हसू नका.