दगड उचलू नका, हातही घालू नका
अकोल्याच्या जुन्या शहरातल्या सगळ्या भाऊ-ताईंना कळकळीची विनंती.

गल्लीतलं कुत्रं तोंड वासून लाळ गाळत फिरताना दिसलं की ‘पिसाळलं, पिसाळलं’ अशी ओरड होते आणि पोरं काठ्या घेऊन मागे लागतात. यातली काही कुत्री पिसाळलेली नसतात. मटणाच्या नळीचा गोल तुकडा चघळता चघळता खालच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे कडीसारखा बसतो, तो काही केल्या निघत नाही. कधी हाड वरच्या दाढांमध्ये, टाळूला आडवं रुततं. मग कुत्रं पंजाने सारखं तोंड घासतं, लाळेत रक्त दिसतं, घास उचलून पुन्हा टाकून देतं; दोन-तीन दिवसांत तोंडाला घाण सुटते. गाडीची धडक बसली असेल तर जबडा एका बाजूला सरकलेला दिसतो. अशा मुक्या जीवाला आपण दगड मारतो, याचं फार वाईट वाटतं.

पण आता पुढचं नीट वाचा. रेबीजमध्ये, म्हणजे कुत्रं खरंच पिसाळतं तेव्हाही लाळ गळते. त्याच्या एका प्रकारात कुत्रं अंगावर धावून येत नाही. कोपऱ्यात गप बसतं, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आवाज बदलतो. हाड अडकलं असेल म्हणून माणूस दयेने तोंडात हात घालतो आणि लाळेतून रोग त्यालाच लागू शकतो. लक्षणं सुरू झाल्यावर या रोगातून माणूस जवळपास वाचतच नाही. म्हणून हाड की रेबीज, हे आपण ठरवायचं नाही. लेकरांना लांब ठेवा, जवळ न जाता कुत्रं वाड्यात कोंडता आलं तर दार लावून घ्या आणि पशुवैद्यकाला कळवा. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, जनावरांचा सरकारी दवाखानाही आहे. अडकलेलं हाड तिथे भूल देऊन काढता येतं.

लाळ जखमेला, ओरखड्याला लागली तर साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवा. डोळ्यांत किंवा तोंडात गेली तर नुसत्या पाण्याने भरपूर धुवा. ‘चावलं तर नाही’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी सर्वोपचार रुग्णालयात जाऊन दाखवा. लशीचे सगळे डोस पूर्ण करा.

घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याच्या तोंडातून रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा आणि डोकं थोडं खाली ठेवा, म्हणजे रक्त श्वासनळीत उतरणार नाही. मात्र दुखऱ्या जागी घरचं कुत्रंही चावतं, तेव्हा जपून. तोंड बांधू नका. जिभेखाली मांजा दिसला तर ओढू नका, त्याचं दुसरं टोक पोटात असू शकतं. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. तोंडातल्या जखमेत अळ्या पडल्या म्हणून फिनेल, पेट्रोल तर अजिबात ओतू नका. तोंडातलं औषध जनावर गिळतं.

आणि मटणवाल्या भाऊंनो, नळीची हाडं मोर्णा नदीच्या काठी किंवा गल्लीच्या तोंडाशी टाकू नका. पिशवी रस्त्यावर ठेवली तरी कुत्री फाडतातच. घंटागाडी आली की थेट गाडीतच टाका, आजपासूनच.